बाईनं पास केलं नाई

डोमाजी कारेमोरे एखादी वस्तू पहिल्यांदा पाहणार असले की आधी डोळे मिटून घेतात.

बाजारात वांगी घेतानासुद्धा. भाजीवाली म्हणते, "उघड्या डोयानं पाहा नं बाप्पा, मी काय लपवून राह्यली?" पण डोमाजी वांग्यावरून सगळीकडून बोटं फिरवतात, देठाखाली अंगठा दाबतात, वांगं तळहातावर तोलतात आणि मग डोळे उघडतात. तोवर वांग्याचा निकाल लागलेला असतो. ते दिसायला कसं आहे याची चौकशी नंतर, जमल्यास.

मी वर्ध्याच्या कडेला असलेल्या एका मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. मूळची घाडग्यांच्या कारंज्याची. वडिलांचं हायवेला लागून बी-बियाण्यांचं दुकान आहे. हैदराबादला सात वर्षं संशोधन करून परत आले आणि इथे लागले. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलासमोर एक काटकुळे गृहस्थ येऊन उभे राहिले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा हाफ शर्ट, नखांत पांढरी भुकटी, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"डोये मिटा, मॅडम."

मला वाटलं, इथे नव्या प्राध्यापकांचीसुद्धा रॅगिंग घेतात. पण माणसाच्या चेहऱ्यावर गमतीचा मागमूस नव्हता. मी डोळे मिटले. हातात काहीतरी गार, गुळगुळीत, मुठीपेक्षा मोठं आलं.

"काय हाये?"

"किडनी," मी म्हटलं.

"कोणती?"

"म्हणजे?"

"डावी का उजवी?"

मला सांगता आलं नाही. त्यांनी किडनी परत घेतली, फडक्यात गुंडाळली. "डावी. तुमी मागून हातच नाई लावला," एवढं म्हणून ते निघून गेले. माझ्याकडे डॉक्टरेट असल्याचा त्यांच्यावर काही परिणाम झालेला दिसला नाही.

डोमाजी आमच्या कॉलेजचे मॉडेलर. शरीररचनाशास्त्राच्या संग्रहालयात जी हृदयं, यकृतं, कान, कवट्या मांडून ठेवलेली असतात, ती प्लास्टरमध्ये नाहीतर फायबरमध्ये बनवणारा माणूस. नागपूरला चित्रकलेचा डिप्लोमा करून ते इथे आले आणि तीस वर्षं इथेच राहिले. पाण्याची टाकी आणि जनरेटरची खोली यांच्यामध्ये त्यांचं वर्कशॉप आहे. रोज सिंदी रेल्वे या त्यांच्या गावाहून पॅसेंजरनं येतात. खांद्याला दोन पिशव्या. एकीत डबा, दुसरीत त्या दिवशी चालू असलेला अवयव. एकदा गाडीत टीसीनं विचारलं, पिशवीत काय आहे. डोमाजींनी खरं ते सांगितलं, "माणसाचं डोकं. अर्धंच हाये." पुढच्या स्टेशनावर रेल्वे पोलिसांचे दोन जवान चढले. त्यांनी पिशवी उघडून पाहिली, तरी डोमाजी शांत. त्यांचं एकच म्हणणं होतं, धरायचंच असेल तर नीट खालून धरा, नाकाला धरू नका.

त्यांचा आवडता प्रश्न म्हणजे, "मागून कसं हाये?"

हा प्रश्न ते जगातल्या प्रत्येक गोष्टीला विचारतात. आमच्या विभागातल्या एका मुलीच्या लग्नाला सेलूला गेलो होतो. स्टेजवर थर्माकोलचा राजवाडा उभारला होता. सगळे पाहुणे नवरा-नवरीला भेटायला रांगेत उभे, आणि डोमाजी दिसेनात. शोधलं तर ते राजवाड्याच्या मागे, बांबू आणि सुतळ्यांमध्ये, डोळे मिटून उभे. "समोरून राजा, मागून गोठा," ते मला म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. जेवणात त्यांचं लक्ष लागलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या कामात मात्र मागची बाजू समोरच्या बाजूइतकीच नेटकी असते. संग्रहालयात यकृताचं मॉडेल भिंतीला लावून, स्क्रूनं पक्कं केलेलं आहे. त्याची पाठ कोणालाही, कधीही दिसणार नाही. तिथेही डोमाजींनी शिरांच्या खाचा कोरल्या आहेत. मी विचारलं, हे कोणासाठी? ते म्हणाले, "बाईले दाखवा लागते."

ही बाई म्हणजे आमच्या स्टाफरूममधलं मोठं प्रकरण होतं.

कारण डोमाजींचं कुठलंही काम बाईनं पास केल्याशिवाय पूर्ण होत नसे. हृदय तयार आहे का? "तयार हाये, पण बाईनं पास केलं नाई." कान? "बाई म्हणे, भोक आंधी वाकते, मंग सरळ जाते. तुमचं सरळच हाये." विभागप्रमुखांनी मान्य केलेली मॉडेलं दुसऱ्या दिवशी डोमाजी फोडून टाकत, कारण सिंदीला ती नापास झालेली असत. आम्ही सगळ्यांनी मनात या बाईचं एक चित्र रंगवलं होतं. उंच, धिप्पाड, कमरेला पदर खोचलेली, दारात उभी. डोमाजी पिशवीतून फुफ्फुस काढून भीत भीत पुढे करतात आणि ती मान हलवते. आमच्या विभागातले देशमुख सर म्हणायचे, "कारेमोऱ्यांची मिसेस मेडिकल कौन्सिलवर पाहिजे होती." डोमाजी यावर काही बोलत नसत. ते बोलत नसत म्हणून आम्हाला तेच खरं वाटे.

मग माझं काम निघालं.

संग्रहालयात रोगप्रतिकाराचं एक नवं दालन उघडायचं ठरलं आणि त्यातला एक कोपरा माझ्याकडे आला. विषय माझ्या जिव्हाळ्याचा. अंगात जंतू शिरला की त्याच्याविरुद्ध खास फौज तयार व्हायला कित्येक दिवस लागतात. तोवर दार कोण सांभाळतं? तर जन्मापासून आपल्यासोबत असलेले काही पहारेकरी. पेशींवर आणि पेशींच्या आत बसलेली ही प्रथिनं, रिसेप्टर. आधीची ओळख नाही, कोणी शिकवलेलं नाही, तरी जंतूचा ठरावीक भाग लागला की हे ओळखतात आणि सगळ्या शरीराला हाक देतात. त्यांतल्या एका घराण्याचा आकार फार देखणा आहे. एकच वळसा, पुन्हा तसाच वळसा, पुन्हा तसाच. मला ज्याचं मॉडेल हवं होतं, त्यात असे तेवीस वळसे एकापुढे एक रचलेले असतात आणि सगळं मिळून एक मोठी कमान होते. पुस्तकांत तिला घोड्याची नाल म्हणतात.

मी डोमाजींना संगणकावर चित्र दाखवलं. त्यांनी सवयीनं डोळे मिटले, पडद्यावर बोट ठेवलं, आणि पडदा सपाट लागल्यावर नाराजीनं उघडले.

"नाल म्हंता, पण नाल तं दोन तुकड्यांची असते."

"ती बैलाची, डोमाजी. ही घोड्याची."

"मी घोड्याची नाई पाह्यली."

तिसऱ्या दिवशी ते लंगडत आले. वर्ध्यात वरातीला घोडी देणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे जाऊन त्यांनी घोडीचा पाय उचलून, डोळे मिटून, नाल चाचपली होती. घोडीला त्यातला अभ्यास कळला नाही. पण डोमाजी खुशीत होते. "मॅडम, तुमचं पुस्तक चुकून राह्यलं. नाल चपटी असते. तुमचं हे चपटं नाई. ही स्प्रिंग हाये, वाकवलेली."

बरोबर होतं. मी दहा वर्षं नाल म्हणत आले होते.

पण त्यांनी स्प्रिंग वाकवून पाहिली तर ती कमान टिकेना, हात सोडला की सरळ होई. दोन दिवस वर्कशॉपमधून नुसत्या आदळआपटीचे आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर मातीच्या लहान लहान विटा होत्या. प्रत्येक वीट एका बाजूला अरुंद, दुसऱ्या बाजूला रुंद. त्यांनी एकापुढे एक लावायला सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या विटेपासून ओळ आपोआप वळायला लागली.

"विहिरीचं बांधकाम असंच असते," ते म्हणाले. "गोल करा लागत नाई. वीटच तशी बनवा लागते. मंग नुसतं रचत जा, वळते ते."

आणि हेच खरं कारण आहे. प्रत्येक वळशाची आतली बाजू घट्ट विणलेली, कमी जागेत बसणारी; बाहेरची बाजू ऐसपैस. म्हणून कमान. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, वर्गात शिकवलं होतं. समजलं मात्र त्या दिवशी, जनरेटरच्या आवाजात.

उद्घाटनाला पंधरा दिवस राहिले होते. मी म्हटलं, "एक साचा करा आणि त्यातून तेवीस विटा काढा. सगळे वळसे सारखेच असतात." त्यांनी तसं केलं. सुंदर कमान तयार झाली. ती पिशवीत घालून ते सिंदीला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी उभे.

"बाईनं पास केलं नाई."

माझा संयम सुटला. मी म्हटलं, "डोमाजी, ही काही किडनी नाही. हा विषय देशात फार थोड्या लोकांना कळतो. तुमच्या बाईंना यात काय खटकलं?"

डोमाजी खाली पाहत म्हणाले, "बाई म्हणे, तेवीसच्या तेवीस एकासारखी एक हाये. मंग हे ओळखते कशानं?"

प्रश्न बिनचूक होता. वळशांचा सांगाडा सारखा असतो. आतल्या बाजूला ठरावीक जागी ठरावीक अमिनो आम्लं बसलेली असतात, ती सगळं घट्ट धरून ठेवतात. पण बाहेर आलेले कंगोरे प्रत्येक वळशाचे वेगळे. जंतूची ओळख पटते ती त्या वेगळेपणामुळे. वेळ वाचवायला मी नेमकं तेच पुसून टाकलं होतं. ही चूक माझ्या विभागात कोणाच्या लक्षात आली नव्हती.

"मला तुमच्या मिसेसना भेटायचंय," मी म्हटलं.

डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. "माह्यं लगन नाई झालं, मॅडम. बाई म्हंजे माही मोठी बहीण."

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. कारंज्यात जन्मून माझ्या हे ध्यानात येऊ नये, याची मला लाज वाटली.

रविवारी मी सिंदीला गेले. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर घर. पुढे टिनाची पडवी, शेजारी कोणाचा तरी कापूस ताडपत्रीखाली झाकलेला. पडवीत सतरंजीवर एक लहानखुऱ्या बाई बसल्या होत्या. मांडीवर पाटी, पाटीत सरकी काढलेला कापूस. त्या वाती वळत होत्या. एक वात वळून झाली की न बघता डाव्या हाताला ठेवत, आणि ती ओळ रेषेत असे. चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. डोळे मिटलेले नव्हते, उघडेच होते, पण त्यांत नजर नव्हती.

मी पायरीवरच थांबले. यकृताच्या पाठीवरच्या शिरा कोणासाठी होत्या, ते मला कळलं.

"डोमा, कोण आलं गा?"

"मॅडम हाये, बाई."

"ये वं माय. हात दे."

मी हात दिला. त्यांनी माझी बोटं, मनगट, तळवा चाचपला. "लिखाण करते," त्या म्हणाल्या, मधल्या बोटावरचा घट्टा दाबून. "अन् जेवत नाई टायमावर." डोमाजी चहा टाकायला आत गेले.

मॉडेल तिथेच कोपऱ्यात फडक्यात होतं. बाईंनी ते मांडीवर घेतलं, वातींची पाटी बाजूला सारली. मी समजावायला सुरुवात केली, आणि वर्गातली भाषा चारच वाक्यांत गळून पडली. मी घरी बोलते तशी बोलायला लागले.

"हे कोठी असते?" त्यांनी विचारलं.

"आपल्या सगळ्यांच्या आंगात, बाई. तुमच्या, माह्या."

"याले डोये असते?"

"नाई. लागलं तरच समजते याले. असे दोन येते समोरासमोर, अन् मधात जंतूचा धागा धरते."

"या खोलगट जागेत?"

"सगळ्याईले तसंच वाटते. पण नाई. बाजूनं धरते."

त्यांनी बोट कमानीच्या कडेवरून हळूहळू फिरवलं. तेवीस विटा. माझ्या साच्यातल्या, एकसारख्या.

"म्हंजे हे माह्यासारखं काम करते," त्या म्हणाल्या. "अन् माह्या आंगातही हे होतंच."

"हो."

"मंग मले देवी आल्या तवा हे काय करून राह्यलं होतं?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादा मजूर त्या दिवशी कामावर आला होता का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. आतून कपबशांचा आवाज येत होता, तो थांबला.

त्यांनीच पुढे सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या होत्या, डोमा कडेवरचा. आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. गावात देवी टोचणारा आला. आईनं बाईंना सांगितलं होतं, लेकराला घेऊन जा, दोघंही टोचून या. "याले टोचलं. मंग माही पाळी आली तं मले सुईचं भेव वाटलं. मी याले घेऊन जिनिंगच्या मागं पयाली. उन्हाळ्याच्या तोंडाले देवी आल्या. बस. माहीच चूक होती ते."

मी बऱ्याच सभांमध्ये प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. या उत्तराइतकी काळजी कधी घेतली नव्हती. मला खोटं सांगायचं नव्हतं.

"बाई, ह्यानं ओळखलं असन," मी म्हटलं. "पण तो जंतू लय लबाड होता. असे जंतू हाक देणाऱ्याचं तोंडच दाबते. तरी तुमाले ताप आला होता नं?"

"आठ दिवस. आंग भट्टीसारखं."

"तो ताप या सगळ्याईच्या हाकेनंच येते. तोंड दाबलं तरी ते ओरडून राह्यले होते. म्हणूनच तुमी वाचल्या. सगळे वाचत नव्हते."

"मले वाटे, देवीच तापली माह्यावर."

"नाई. ते तुमच्याच बाजूचे होते."

त्यांनी मॉडेलवरून एकदा हात फिरवला, दाराशी बांधलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "बरं," त्या म्हणाल्या. "कामावर होते तं."

आणि लगेच सूर बदलून, "पण हे असं नाई चालन वं. सगळे एकासारखे केले तुमी. एकेकाचं कान-नाक वेगळं पायजे." डोमाजी चहा घेऊन बाहेर आले. त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला.

पुढचे आठ दिवस डोमाजींनी जे केलं, ते मी जवळून पाहिलं. प्रत्येक विटेचा खरा नकाशा मी छापून देई. ते साच्यातून वीट काढत, ओली असतानाच तिचे कंगोरे हातानं घडवत. कधी एक बारीक पूल, कधी नुसता उंचवटा. सिंदीला नेत, परत आणत. एकदा येऊन म्हणाले, "बाई म्हणे, चौदावी अन् पंधरावी एकच हाये." आम्ही तपासलं. खरंच, पंधरावी करायच्या ऐवजी त्यांच्याकडून चौदावीच दुसऱ्यांदा झाली होती. शेवटच्या दिवशी ते माझ्या दाराशी आले आणि पिशवी टेबलावर ठेवली. देशमुख सर शेजारी बसले होते. "पास?" त्यांनी विचारलं. डोमाजींनी मान हलवली. देशमुख सर उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

उद्घाटन झालं. प्रमुख पाहुण्यांनी समोरून काही क्षण पाहिलं आणि म्हणाले, "वा, शंख छान झालाय." डोमाजींनी त्यांना दुरुस्त केलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी विद्यार्थी नसताना मी बाईंना संग्रहालय दाखवायला बोलावलं. तीस वर्षांत त्या कॉलेजात कधी आल्या नव्हत्या. कोणी बोलावलं नव्हतं, आणि डोमाजींना विचारायचं सुचलं नव्हतं. भावाच्या खांद्यावर हात ठेवून त्या आल्या, चपला दाराशी काढल्या. मी नको म्हटलं तरी काढल्याच.

मग त्या एकेका टेबलाशी थांबत गेल्या. मला वाटलं होतं, मी माहिती सांगेन. त्याची काही गरज पडली नाही. त्यांना सगळं पाठ होतं. "हे काळीज. याच्या मागची शीर डोमानं दोनदा मोडली होती. हा कान. मीच नापास केला होता." रंगानं त्या जरा बावचळल्या, त्यांच्या घरी ही मॉडेलं कच्ची, रंग न दिलेली यायची. "तेलकट लागते बोटाले," त्या म्हणाल्या. एका कवटीच्या जबड्याचा टवका उडालेला कोणालाच दिसला नव्हता, तो त्यांना सापडला. "डोमा, लक्ष कोठी असते तुह्यं?" डोमाजी म्हणाले, "करतो, बाई." साठीकडे आलेला हा माणूस तेव्हा दहा वर्षांचा दिसत होता.

नव्या दालनात त्यांनी कमानीवरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोट नेलं, ओठांत मोजत. कडेच्या कंगोऱ्यापाशी बोट थांबलं. "इथून धरते," त्या मला म्हणाल्या. मी हो म्हटलं.

परतीच्या गाडीसाठी मी त्यांना वर्धा स्टेशनवर सोडायला गेले. पॅसेंजर उशिरानं होती. बाईंना बाकावर बसवून, त्यांच्या हातात शेंगांची पुडी देऊन, डोमाजी माझ्यासोबत चहाच्या स्टॉलपर्यंत आले. बराच वेळ ते कप नुसता फिरवत राहिले.

"मॅडम, त्या दिवशी बाईनं तुमाले सांगतलं नं, सुईचं भेव वाटलं म्हणून."

"हो."

"बाई नव्हती भेली. आई जायच्या आंधी मले सांगून गेली. मले टोचलं अन् मी लय रडलो. काई केल्या चूप राहीना. बाई मले घेऊन जिनिंगच्या मागं गेली, कापसाच्या गंजीवर घेऊन बसली. मी झोपलो, तोवर बाई हालली नाई. परत आली तं टोचणारा दुसऱ्या गावाले निघून गेलता. मी मोठा झालो तवापासून बाई 'मले सुईचं भेव वाटलं' असंच सांगून राह्यली. माह्या मनाले लागू नाई म्हणून."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे, हे त्यांना ठाऊक आहे?"

"नाई. तुमीही सांगू नोका. तिनं एवढी वर्षं ते सांभाळलं, मॅडम. आता तिच्या हातून काढून काऊन घ्या?"

बाकावरून हाक आली. "डोमा, काय बोलून राह्यला गा एवढं?"

"काई नाई, बाई. गाडीचा टाइम विचारतो."

ते जाऊन बाईंशेजारी बसले. मी स्टॉलशीच थांबले. बाई शेंगा सोलत होत्या आणि दाणे एकेक करून भावाच्या तळहातावर ठेवत होत्या. डोमाजी एक दाणा तोंडात टाकत आणि दुसरा, अजिबात आवाज न करता, परत बाईंच्या पदरात सोडत. बाई सोलत राहिल्या. त्या बोटांना पदरातले दाणे कळत नसतील, असं मला वाटत नाही.